परतीचा परवाना

अमेरिकेत कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परदेशी माणसास वर्षाहून अधिक काळ त्या देशाबाहेर राहावयाचे असेल, तर त्याने निघण्यापूर्वीच सरकारकडे दरखास्त करून पुनःप्रवेशाचा परवाना मागून ठेवावा, अशी तेथील कायद्याची तजवीज आहे. वरवर पाहता ही तजवीज गोदीतल्या किंवा जकातीच्या नियमांइतकीच रूक्ष आहे; परंतु मनुष्याची इच्छा, त्याचे कृत्य आणि त्याचे कर्तव्य या तिहींचा परस्परसंबंध काय, आणि त्यांपैकी कशाच्या आधारे अमुक मनुष्य अमुक ठिकाणचा असे म्हणावयाचे, हा जो धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा जुना व बिकट प्रश्न, तो या रूक्ष कागदात जितका उघडा पडतो तितका पुष्कळशा पंडिती ग्रंथांतही पडत नाही, असे माझे मत होत चालले आहे.

परवान्याचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. ज्याला लोक ग्रीन कार्ड म्हणतात ते कार्ड, धारक वर्षाच्या आत परतला तरच, प्रवेशाचे साधन म्हणून चालते. त्याहून दीर्घ गैरहजेरी होणार असेल तर हा परवाना पासपोर्टासारख्या दिसणाऱ्या पुस्तिकेच्या रूपाने मिळतो. त्याची मुदत फार तर दोन वर्षांची. ती वाढवून मिळत नाही. संपली की नवा अर्ज करावा लागतो, आणि तो करताना अर्जदाराचे पाऊल अमेरिकेच्याच भूमीवर असावे लागते. बोटांचे ठसे देण्यासाठीही सामान्यतः तेथेच रुजू व्हावे लागते. त्यानंतर तो निघून गेला तरी हरकत नसते, आणि पुस्तिका मागाहून वकिलातीतून घेता येते. गेल्या पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे ज्याने बाहेर काढली त्याला परवाना मिळाला तरी तो एकाच वर्षाचा. या शेवटच्या नियमाला सरकारी हुकमाने हिंडणारे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे नोकर अपवाद आहेत, आणि देशोदेशी सामने खेळणारा धंदेवाईक खेळाडूही अपवाद आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी बसून राहिलेल्या मुलाचा मात्र त्या यादीत समावेश नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकाने लक्षात ठेवावी.

१९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्यातही या परवान्याची तरतूद आढळते. त्या काळी तीन डॉलर फी भरून, किती काळ आणि कोणत्या प्रयोजनाने आपण बाहेर जात आहोत हे शपथेवर सांगून, तो मिळवावा लागे. त्याच कायद्यात एक मोठे प्रांजळ कलम होते, आणि त्याचा आशय आजतागायत कायम आहे: धारक तात्पुरत्या भेटीहून परतत आहे एवढे दाखवण्यापलीकडे या परवान्याला काहीही प्रभाव नाही. म्हणजे सरकार धारकाला आत घेण्याचे वचन देत नाही. ते फक्त त्याच्या जाण्याचे लक्षण नोंदवून ठेवते, आणि परवान्याची मुदत चालू असेतो केवळ गैरहजेरी लांबली एवढ्या एकाच कारणावरून त्याने आपले वास्तव्य सोडले असे मानणार नाही, इतकेच कबूल करते.

पुण्या-नागपुरातील, सांगली-कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घरांत हा परवाना आता अपरिचित राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडची नागरिक होते, आईवडिलांसाठी अर्ज करते, आणि सेवानिवृत्तीनंतरच्या वयात या मंडळींच्या हाती कायम वास्तव्याचा हक्क येतो. नातवंडे तिकडे, भावंडे इकडे, डॉक्टर दोन्हीकडे, देवघर मात्र एकाच ठिकाणी, आणि ते बहुधा इकडे. असे गृहस्थ जेव्हा अर्जाचा नमुना पुढे घेऊन बसतात, तेव्हा किती दिवस जाणार, कशासाठी जाणार, हक्क मिळाल्यापासून आजवर एकंदर किती काळ बाहेर होता, आणि मधल्या काळात स्वतःला अनिवासी म्हणवून करपत्रक कधी भरले होते काय, असे प्रश्न त्यांना विचारलेले असतात. शेवटचा प्रश्न मला विशेष मार्मिक वाटतो. मनुष्याने आपल्या मनाविषयी काय सांगितले यापेक्षा कर चुकवण्याच्या मोहाच्या क्षणी त्याने स्वतःला काय म्हणवून घेतले, हे पाहणारा तो कारकून मानसशास्त्राचा जाणता असला पाहिजे.

या जगात सगळेच पाहुणे, मग कायमचा रहिवासी तो कोण, असा वैराग्याचा सुलभ उद्गार येथे काढता येईल, आणि तो ऐकून कीर्तनातील श्रोते मानाही डोलावतील. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. तो फक्त इतका मोठा करून ठेवला जातो की त्याकडे पाहण्याची गरज उरू नये. ज्याला विमानतळावरील चौकीपाशी उभे राहावयाचे आहे त्याला देहाची अनित्यता ठाऊक असतेच. त्याला हवे असते ते एवढेच, की आपण गेलो होतो म्हणजे नेमके काय केले होते हे कोणी नीट सांगावे.

तर मनुष्य जातो म्हणजे काय? अमेरिकेतील न्यायालयांनी या प्रश्नाची उत्तरे देताना जी वळणे घेतली ती एखाद्या दर्शनग्रंथातील पूर्वपक्ष-उत्तरपक्षांइतकी चित्तवेधक आहेत. १९३३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा सिद्धान्त मांडला की परदेशी माणसाचे देशात येणे, मग ते पहिले असो की पुन्हा असो, दर वेळी नवा प्रवेशच होय. म्हणजे देहाने सीमा ओलांडली की मागचे सर्व पुसले गेले. हे देहवादी मत फार दिवस टिकणे शक्य नव्हते. अनेक वर्षे अमेरिकेत राहिलेला एक मेक्सिकन खलाशी १९४२ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या जहाजावर होता. शत्रूच्या पाणतीराने जहाज बुडाले, त्याला वाचवून हवानास नेण्यात आले, आणि तेथून तो आठवडाभरात परत आला. आता हा मनुष्य अमेरिका सोडून गेला होता काय? १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. त्याच वर्षी न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे याहून नाजूक प्रकरण आले. एक गृहस्थ बफेलोहून डेट्रॉइटला रात्रीच्या आगगाडीने झोपून गेला, आणि ती गाडी वाटेत कॅनडातून जाते हे त्याला माहीतही नव्हते. झोपलेला मनुष्य परदेशगमन करतो काय, हा प्रश्न आपल्याकडे सुषुप्तीतील जीवाच्या कर्तृत्वाविषयी विचारला गेला असता. तेथे तो एका रहिवाशाला हद्दपार करावे की नाही यासाठी विचारला गेला, आणि हँड यांनी त्या माणसाला हद्दपारीतून सोडवले. पुढे १९६३ मध्ये, काही वर्षांपूर्वी मेक्सिकोतील एन्सेनाडा गावी घटका दोन घटका जाऊन आलेल्या एका स्विस रहिवाशाच्या प्रकरणात, पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की ज्या जाण्यात आपले वास्तव्य मोडण्याचा हेतू नव्हता ते थोडक्या वेळाचे निरुपद्रवी जाणे म्हणजे जाणेच नव्हे. देहाकडून अपघाताकडे, अपघाताकडून अज्ञानाकडे, अज्ञानाकडून हेतूकडे असा हा प्रवास अवघ्या तीस वर्षांत झाला. १९९६ च्या कायद्याने यावर पुन्हा मोजपट्टी ठेवली. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेला रहिवासी नव्याने प्रवेश मागणाऱ्यांत धरला जाऊ लागला. तरी हेतूचे महत्त्व सर्वस्वी गेले नाही.

हेतूला हे स्थान देण्याची कल्पना अमेरिकनांची नाही. ती रोमन विधिज्ञांची आहे. दुसऱ्या शतकातील गायस याने मालकीच्या चर्चेत मधमाश्या, पारवे आणि रानात जाऊन परतणारी हरणे यांचा विचार केला आहे. हे जीव स्वभावतः रानटी. मग ते उडून किंवा निघून गेल्यावर मालकाचे कसे राहतात? त्यांच्या ठायी परतण्याची वृत्ती आहे तोवर ते मालकाचे, आणि ती वृत्ती सुटली की ते सापडेल त्याचे. आणि वृत्ती सुटली हे कशावरून ओळखावे? परतण्याची सवय सुटली यावरून. गायसला मधमाशीचे मन तपासता येत नव्हते हे उघडच आहे. परंतु माणसाचे मन तपासता येते अशा समजुतीने वागणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यालाही शेवटी घर कोठे आहे, कर कोठे भरला, नोकरी कोठे, बायकामुले कोठे, हेच विचारावे लागते.

पण माणसाच्या बाबतीत एक अधिक भर आहे. मधमाशी शपथ घेत नाही, अर्जदार घेतो. आपल्याकडे कोणत्याही कर्मारंभी हातात उदक घेऊन, देश आणि काळ यांचा उच्चार करून, मी अमुक कर्म करीन असा संकल्प सोडतात. परवान्याचा अर्ज हा त्याच जातीचा विधी आहे, कारण त्यातही स्थळ, काळ, प्रयोजन आणि पुढील कृत्याची प्रतिज्ञा ही सर्व अंगे हजर असतात. मात्र संकल्प उच्चारणारा मनुष्य आणि तो पार पाडण्याची वेळ येईल तेव्हाचा मनुष्य यांच्यामध्ये दोन वर्षे पडलेली असतात, आणि इच्छा ही वस्तू दोन वर्षे जशीच्या तशी टिकत नाही. मीमांसकांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी असा निर्णय दिला की फलाच्या इच्छेने आरंभिलेले काम्य कर्म, मध्येच ती इच्छा मावळली तरी, शेवटास नेलेच पाहिजे. आरंभ इच्छेने होतो. पुढची वाटचाल इच्छेच्या बळावर सोडता येत नाही. अर्जात दोन वर्षे असे लिहिताना ज्याचा हात किंचित अडखळतो, तो मला ठणठणीत खात्रीने लिहिणाऱ्यापेक्षा अधिक सत्यनिष्ठ वाटतो.

संकल्प दृढ असला आणि कागदही हाती असला, तरी परतणे साधेलच असे नाही. चे चान पिंग नावाचा चिनी मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ मध्ये मायदेशी जाताना त्याने कायद्याप्रमाणे परतीचा दाखला घेतला. पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात तो हाँगकाँगहून परत निघाला. त्याचे जहाज समुद्रावर असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नव्या कायद्याने असले सर्व दाखले रद्द केले. बंदरात पोहोचल्यावर त्याला उतरू दिले नाही, आणि १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की परतीचा हा अधिकार सरकारच्या मर्जीवर अवलंबून असून तो केव्हाही काढून घेता येतो. त्याच्या हेतूत खोट आहे असे कोणी म्हटले नव्हते. ती बाब कोणाला विचारण्याजोगीच वाटली नाही.

आपल्या इतिहासातील या जातीचे प्रकरण याहून जुने आणि अधिक हृद्य आहे, आणि त्यातही दाखल्याचीच गोष्ट आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे गुरूला कळताच त्याने परत जाऊन गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. विठ्ठलपंत आळंदीस परतले, आणि आळंदीने त्यांना वाळीत टाकले. संन्यासातून परतण्याची वाट शास्त्रात नाही, असे ब्रह्मवृंदाचे म्हणणे. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले पैठणास जाऊन शुद्धिपत्र मागतात, आणि परंपरेप्रमाणे ते त्यांना मिळते. या कथेत ज्या गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही ती अशी, की विठ्ठलपंत स्वतःच्या इच्छेने परतले नव्हते. त्यांची इच्छा संन्यासाकडे होती. तीपायी त्यांनी पत्नी असल्याची गोष्टही लपवली. परतले ते आज्ञेमुळे, म्हणजे कर्तव्य म्हणून. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने पाहिले ते दोनच प्रश्न: याने आश्रम सोडला होता काय, आणि हा परत आला काय. का आला, हा तिसरा प्रश्न त्यांच्या कोष्टकात नव्हता. रघुनाथरावांनी विलायतेस पाठवलेल्या ब्राह्मण वकिलांना परतल्यावर सोन्याच्या योनीतून बाहेर काढून पुनर्जन्म देण्यात आला, अशी हकिकत विल्फर्ड नावाच्या लेखकाने नोंदवली आहे. तेही धन्याच्या कामगिरीवर गेले होते, हौसेखातर नव्हे, परंतु प्रायश्चित्त त्यांचेच झाले.

आता मी ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या मुद्द्याकडे येतो. सांगलीचे माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, परवाना घेऊन न्यू जर्सीहून इकडे आले, ते घराचा व्यवहार उरकून मुलीकडे परत जावयाचे अशा स्पष्ट बेताने. आले आणि त्यांच्या वडील बहिणीला अर्धांगाचा झटका आला. आई लवकर वारल्यामुळे त्या बहिणीनेच त्यांना वाढवले होते. परवान्याची मुदत सरत आली, सरली, आणि हे गृहस्थ सांगलीतच. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, मला राहा असं कोणी म्हटलं नाही, आणि मला राहायचंही नव्हतं. पण अक्काला तशी टाकून निघायचं कसं?” या दोन वाक्यांत त्यांनी कायद्याच्या दोन्ही दारांना कडी घातली आहे, हे त्यांच्या ध्यानातही नसेल.

कारण अशा माणसाला दोनच दारे आहेत. एक, तो अजून तात्पुरत्याच भेटीवर होता असे दाखवणे. आणि तात्पुरती भेट म्हणजे काय याची न्यायालयांनी लावलेली कसोटी अशी, की ती थोड्या ठरावीक काळात संपणारी असावी, किंवा लौकरच घडण्याचा वाजवी संभव असलेल्या एखाद्या घटनेने संपणारी असावी. अक्कांच्या बाबतीत ती घटना कोणती, हे बोलून दाखवावे लागले तर बोलणाऱ्याची जीभ झडेल. दुसरे दार वकिलातीत आहे: परतणाऱ्या रहिवाशाचा विशेष व्हिसा. तेथे सिद्ध करावे लागते की मुक्काम लांबला तो माझ्या ताब्याबाहेरील आणि माझ्याकडे ज्यांची जबाबदारी येत नाही अशा कारणांनी. माझ्या स्नेह्यांना कोणी कोंडून ठेवले नव्हते. विमाने उडत होती, तिकिटाला पैसे होते, पायांत बळ होते. ते राहिले ते समजून-उमजून राहिले. अपघात म्हणावा तर तो त्यांच्यावर आला नाही, बहिणीवर आला; आणि इच्छा म्हणावी तर ती न्यू जर्सीकडे होती.

या पेचाशी रोमन विधिज्ञ एकदा समोरासमोर आले होते. सेनापती रेग्युलस कार्थेजच्या कैदेत पडला. तहाची बोलणी करण्यासाठी त्याला, परत येईन अशी शपथ घेऊन, रोमला पाठवण्यात आले. रोमन कायद्याप्रमाणे शत्रूच्या कैदेतून स्वदेशाचा उंबरठा ओलांडणाऱ्याला त्याचे सर्व गेलेले अधिकार परत मिळत. मग रोममध्ये पाऊल टाकताच रेग्युलस पुन्हा मोकळा नागरिक झाला काय? त्या विधिज्ञांपैकी पोंपोनियस म्हणतो, नाही. कारण कार्थेजला परतण्याची त्याने शपथ घेतली होती, तेव्हा रोममध्ये राहण्याचा त्याचा मानसच नव्हता. रेग्युलसच्या अंताच्या कथा इतिहासकार संशयाने पाहतात, पण पोंपोनियसचे मत विचारार्ह आहे. त्याने शपथेचे बंधन ओळखले हे मोठेच. परंतु ओळखल्यावर त्याला मानस हे नाव दिले. रोममध्ये, बायकामुलांत राहावे असे रेग्युलसला वाटत नव्हते हे मानण्यास आधार काय? त्याला वाटत होते, आणि तरी तो राहणार नव्हता. कर्तव्याला इच्छेचे नाव दिले की ज्याने कर्तव्य केले त्याच्यावरच ते उलटते: तू राहिलास, म्हणजे तुला राहायचेच होते.

मीमांसकांची वर्गवारी येथे अधिक काटेकोर आहे. काम्य कर्म इच्छेने प्रवृत्त होते. नित्य आणि नैमित्तिक कर्मे विधीने प्रवृत्त होतात, आणि नैमित्तिकाला निमित्त लागते, कर्त्याची आवड लागत नाही. निमित्त घडले की कर्म प्राप्त होते, मग कर्ता तेव्हा कोठे जावयास निघाला होता हे गैरलागू ठरते. या वर्गवारीत स्नेह्यांचे सांगलीस राहणे नैमित्तिक आहे. ते ताब्याबाहेरचेही नाही आणि हौसेचेही नाही, आणि त्यावरून त्यांची न्यू जर्सीविषयीची इच्छा मोडली असे अनुमान काढणे हा तर्कदोष आहे.

यावर असा आक्षेप येईल की कर्तव्याचे निमित्त जो तो पुढे करील. हा आक्षेप मला भारी वाटत नाही. कर्तव्य हे इच्छेपेक्षा अधिक खुणा मागे ठेवते: रुग्णालयाची बिले, औषधांच्या पावत्या, रात्रपाळीच्या बाईचा पगार, शेजाऱ्यांची साक्ष. मधमाशीच्या वृत्तीची परीक्षा जर सवयीवरून होऊ शकते, तर भावाच्या कर्तव्याची परीक्षा पावत्यांवरून होण्यास अडचण काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, ज्याचे सर्वांत कठोर कर्तव्य सांगलीत आहे तो मनुष्य सांगलीचाच. जेथे ऋण तेथे घर. मी या म्हणण्यापुढे बराच वेळ थांबलो आहे. परंतु ते मान्य केले तर रेग्युलस कार्थेजचा ठरतो, आणि विठ्ठलपंत आपल्या इच्छेविरुद्ध ज्या संसारात परतले तोच त्यांचा आरंभापासूनचा आश्रम होता असेही म्हणावे लागते. ऋण मनुष्याला एखाद्या ठिकाणी थांबवून ठेवते. तो कोठचा हे ते ठरवीत नाही.

माझ्या स्नेह्यांनी विशेष व्हिसासाठी वकिलातीत अर्ज केला आहे. मुक्काम लांबण्याचे कारण लिहिण्याच्या जागी त्यांनी आपल्या ताब्याबाहेर असे शब्द लिहिले नाहीत. वकिलाने सुचवले होते, त्यांना ते खोटे वाटले. बहिणीचे आजारपण, तिचे आपल्यावरील उपकार आणि आपण राहण्याचे ठरवले ही हकिकत त्यांनी सरळ लिहून दिली, व खाली न्यू जर्सीतील घराचा पत्ता आपला कायमचा पत्ता म्हणून घातला. वकिलाच्या मते यामुळे अर्ज कमकुवत झाला आहे, आणि आजच्या कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर असावे.